मॉरिशस: नुसती पाटी लावून भागत नाही

मॉरिशसचं क्षेत्रफळ जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे बीदर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच जिल्ह्यातल्या दुबलगुंडीच्या एखाद्या व्यापाऱ्याला नकाशात ते शोधावंच लागेल. तरी भारतात परकीय गुंतवणूक पाठवणाऱ्या देशांत हा ठिपका वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर राहिला. गैरसमज पसरले ते त्यामुळेच.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की तिथे कंपनी काढली की कराची कटकट मिटली. एके काळी त्यात तथ्य होतं. भारत-मॉरिशस यांच्यातल्या १९८२च्या करकरारानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर कर घ्यायचा अधिकार मॉरिशसकडे होता, आणि मॉरिशस तो घेतच नव्हता. २००३मध्ये ‘आझादी बचाओ आंदोलन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट वैध ठरवली. मात्र २०१६च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवरचा नफा भारतात करपात्र झाला. खुद्द मॉरिशसमध्ये कंपनीकराचा मूळ दर १५ टक्के आहे; काही ठरावीक उत्पन्नाला मोठी सूट मिळते, पण मुख्यतः देशाबाहेर धंदा करणाऱ्या कंपन्यांना लागणाऱ्या जागतिक व्यवसायाच्या परवान्यासाठी किमान दोन रहिवासी संचालक आणि मुख्य बँक खातं तिथलंच लागतं. जुना सल्ला अजूनही छातीठोकपणे देणारे भेटतात, हे वेगळं सांगायला नको.

बाजारपेठ लहान, म्हणून धंदा नाही, हेही अर्धसत्यच. साडेबारा लाखांच्या आसपास ग्राहक खरेच. पण उसावर जगणाऱ्या या बेटाने १९७०पासून निर्यातक्षेत्र उभारून कापडउद्योग वाढवला. कोमेसा आणि साडेक या आफ्रिकी व्यापारगटांचं ते सदस्य आहे. भारताशी व्यापार करार एप्रिल २०२१पासून लागू आहे.

क्रमवारीवर विसंबणारेही कमी नाहीत. जागतिक बँकेच्या २०२०च्या व्यवसायसुलभता यादीत मॉरिशस १३वा, भारत ६३वा. आकडेवारीतल्या गडबडीमुळे बँकेने २०२१मध्ये ती यादीच बंद केली. त्याआधी, फेब्रुवारी २०२०मध्ये, आर्थिक गुन्हे रोखण्यातल्या त्रुटींमुळे मॉरिशस अशा गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत गेला होता. ऑक्टोबर २०२१मध्ये बाहेर आला. त्याच २०२०मध्ये पर्यटन थांबलं आणि अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आकसली. हा धोका कोणत्याही क्रमांकात दिसला नव्हता.

राहिला ‘आपलीच माणसं आहेत’ हा भरवसा. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते. व्यवहार मात्र इंग्रजी-फ्रेंचमध्ये चालतो, कायदा फ्रेंच आणि ब्रिटिश परंपरांची सरमिसळ आहे, अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. आणि परदेशी माणसाला जमीन घ्यायची, तर १९७५च्या कायद्यानुसार आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते.