जुन्या थाटाचं ऑटोमॅटिक घड्याळ: डायलआधी मशीन बघा

जुन्या थाटाचं ऑटोमॅटिक घड्याळ निवडताना डायलवर भाळण्याआधी आतलं मशीन कोणतं ते विचारावं, असं माझं ठाम मत आहे. एचएमटीचंच बघा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनू लागली. चावीची ‘जनता’ आणि ऑटोमॅटिक ‘कांचन’ आजही दुरुस्त होतात, कारण तशी मशीनं प्रचंड संख्येने निघाली आणि कारागिरांचा हात त्यांवर बसला. त्याच न्यायाने आज मियोटा ८२१५ किंवा सेकोचं एनएच३५ असलेलं घड्याळ घ्यावं. दोन्हींचे ठोके तासाला २१,६००, आणि पूर्ण चावीवर ती साधारण चाळीस तास चालतात. सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्याला दुरुस्तीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागू नये, हा मला सगळ्यात मोठा निकष वाटतो.

मग खरी जुनी एचएमटीच का नको? जरूर घ्या, पण पारखून. नवं रंगवलेलं डायल आणि वेगवेगळ्या घड्याळांचे जोडलेले भाग बाजारात फार आहेत. क्वार्ट्झ जास्त अचूक, हा आक्षेप मात्र खराच. या मशीनांत दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडू शकतो. पण हे घड्याळ लग्नकार्याला मिरवायचं, लोकल पकडायला नव्हे. आकार ३८ मिलिमीटरच्या आसपास असला की बाहीखाली सुबक बसतं. आणि सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात चामडी पट्टा घामाने लवकर खराब होतो, म्हणून एप्रिल-मेसाठी स्टीलचा पट्टा वेगळा घेऊन ठेवा.