सूर्याचे ऊन आणि पाटाचा न्याय

सूर्य कोणाच्याही दारी पक्षपात करीत नाही. नाशिकच्या पंचवटीतील जुना वाडा असो की सातपूरमधील कामगाराचे घर असो, त्याचे ऊन दोन्ही छपरांवर सारखेच पडते. परंतु त्या उन्हापासून होणारी वीज सर्वांना सारखीच लाभते काय?

छपरावरील सौर पटलांवर ऊन पडले की वीज निर्माण होते. घरात वापरून उरलेली वीज तारांतून शेजारच्या घरांकडे जाते. मीटर दिलेली व घेतलेली वीज मोजते आणि ग्राहकाला फरकापुरतेच बिल येते. तथापि, गल्लीतील रोहित्राची शक्ती मर्यादित असते. भर दुपारी पुष्कळ छपरांवरून एकदम वीज आली, तर तारांतील दाब वाढतो. म्हणून राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांत एका रोहित्रावरील सौर संचांना त्याच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

समजा, एखाद्या रोहित्रावर 70 किलोवॉटची जागा आहे. सात बंगल्यांनी दहा-दहा किलोवॉटचे संच बसविले की ती संपली! मागाहून पैसे साठवून येणाऱ्या लहान घराने काय करावे?

याचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्या मातीतच आहे. बागलाणात मोसम व आरम नद्यांच्या काठी फड पद्धत फार पूर्वीपासून चालत आली. पाटकरी ठरलेल्या क्रमाने प्रत्येक शेताला पाणी देई. पाणी उणे झाले, तर भिजवायचे क्षेत्र सर्वांच्या विचाराने कमी करीत. पाट सर्वांचा, म्हणून तुटीचा भारही सर्वांचा.

विजेची तार हाही एक पाटच होय. केंद्र शासनाच्या 2024 च्या नियमांनुसार पाच किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तारा व रोहित्र बळकट करण्याचा खर्च वीज कंपनीने करावयाचा आहे. गरीब कुटुंबांना अधिक साहाय्य देणारी ‘स्मार्ट’ योजना महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये मंजूर केली. ज्यांना स्वतःचे छप्पर नाही, त्यांना एका सामाईक संचातील विजेचा वाटा बिलात मिळावा, अशी सोय दिल्लीत 2019 मध्येच करण्यात आली.

नवे रोहित्र उभारताना आज अर्ज करणाऱ्यांबरोबर उद्या येणाऱ्यांचाही हिशेब धरला पाहिजे. ऊन देणे सूर्याच्या हाती आहे; ते न्यायाने वाटून घेणे माणसाच्या हाती आहे.