कपाटातली कसर

तुमचा वुलन ब्लेझर आणि माझ्या आजोबांची घोंगडी, यांत कॉमन काय? कसरीला दोन्ही सारखेच चविष्ट लागतात!

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. बारामती-इंदापूरच्या माळावर आजही मेंढरांचे कळप दिसतात. आषाढी वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. घोंगडी होते ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची. हाताने कातलेलं सूत, हातमाग आणि वरून चिंचोक्याची खळ.

लोकर म्हणजे केराटिन. आपल्या केसांत असतं तेच प्रोटीन. ते पचवणारे किडे फार थोडे, कसर त्यांतली एक. गंमत म्हणजे कपाटातून उडणारा तो इवलासा सोनेरी पतंग काहीच खात नाही. भोकं पाडते त्याची अळी. मादी साधारण 40-50 अंडी घालते. वर अंधार, शांतता आणि कापडावर घामाचे डाग असले, की अळीची चंगळच!

मग रानातल्या धनगराच्या घोंगडीला कसर का लागत नाही? कारण ती पावसात खोळ होते, रात्री अंथरूण होते आणि सकाळी झटकून खांद्यावर जाते. अळीला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. आपण मात्र तिला 'एथनिक पीस' म्हणून माळ्यावर टाकतो.

आजोबांची घोंगडी आता माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आहे. तशी विणणारे हात कमी होत चाललेत. पैशांची कसर पुढच्या पगारात भरून निघेल, ही कशी भरून काढणार?

म्हणून या काही टिप्स :

• ठेवण्याआधी कपडा स्वच्छ करा, पूर्ण वाळवा.

• लोकरीला अधूनमधून कडक ऊन द्या, ब्रशने झटका. शिवणी, घड्या विसरू नका. पैठणी मात्र सावलीतच.

• कसर दिसलीच, तर कपडा पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा.

• डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत नकोत. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात.

आणि सगळ्यात सोपं? वापरा! माझी घोंगडी सध्या सोफ्यावर असते. रविवारची दुपारची झोप तिच्यावरच.