प्रबोधनकालीन शोकात्मिका व प्रेक्षक

प्रबोधनकालीन लंडनमध्ये शोकात्मिका ही केवळ विद्वानांची मिरास नव्हती. सार्वजनिक नाट्यगृहांत एक पेनी देऊन अंगणात उभा राहणारा कारागीर आणि सज्जात बसणारा सरदार एकच प्रयोग पाहत असत. फाशीची शिक्षा व अस्वलांच्या झुंजी हेही त्या नगरीतील लोकप्रिय देखावे होते. अशा प्रेक्षकास हादरविणे सोपे नव्हते. टॉमस किडच्या द स्पॅनिश ट्रॅजेडीमध्ये (सु. १५८७) पुत्राचे प्रेत बागेत टांगलेले दिसते व सूडाने पेटलेला पिता अखेर स्वतःची जीभ तोडतो. शेक्सपिअरच्या टायटस अँड्रॉनिकसमध्ये तर माता नकळत आपल्याच पुत्रांचे मांस खाते. १५९९ मध्ये टॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने ज्यूलिअस सीझरची शोकात्मिका पाहिली. ती संपताच नट नाचले व त्यांतील दोघे स्त्रीवेषात होते. भीषणता आणि करमणूक यांत त्या प्रेक्षकास विसंगती वाटत नव्हती.

तथापि रक्तपाताहून खोल परिणाम निश्चल चेहऱ्याचा होई. १६१० मध्ये ऑक्सफर्ड येथे ऑथेल्लोचा प्रयोग झाला. शय्येवर मृत पडलेल्या डेस्डिमोनाने नुसत्या मुद्रेने प्रेक्षकांची करुणा जागविली, असे हेन्री जॅक्सन या विद्वानाने पत्रात नमूद केले आहे. ही डेस्डिमोना म्हणजे स्त्रीवेषातील मुलगा होता, हे विशेष.

मराठी प्रेक्षकास हाच अनुभव पुरुषनटांनीच दिला. गो. ब. देवल यांनी ऑथेल्लोचे झुंझारराव (१८९०) हे रूपांतर केले. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांच्यासमोर बाळाभाऊ जोग स्त्रीभूमिका करीत. पुढे या परंपरेचा कळस ज्यांनी गाठला, त्या बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) बालपणीचे संगीतशिक्षण खानदेशात झाले. धुळे हे मुख्यालय असलेल्या तत्कालीन खानदेश जिल्ह्यातील जळगाव येथे मेहबूबखाँ यांनी त्यांना गाणे शिकविले. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकातील सिंधू त्यांनी उभी केली. भरजरी शालूंतील बालगंधर्व पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे ते फाटक्या लुगड्यात जात्यावर बसले, हा धक्का कोणत्याही रक्तपातापेक्षा मोठा होता. मद्यपी पतीच्या हातून मूल मरते; मरणोन्मुख सिंधू मात्र, डेस्डिमोनाप्रमाणेच, त्याच्यावर दोष येऊ देत नाही. याच नाटकात तळीराम व त्याचे आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांस पोट धरून हसवितात आणि वि. सी. गुर्जरांच्या पदांना ‘वन्स मोअर’ मिळत असे. करुण प्रसंगी पदांची पुनरावृत्ती टीकाकारांस खटके. पण प्लॅटरने पाहिलेल्या नाचाप्रमाणे तीही त्या रंगभूमीच्या रीतीचाच भाग होती.

जळगाव येथील खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव देण्यात आले असून त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत महोत्सवही भरतो.