दोष मशीनचा की सुईचा?

टाके सुटू लागले की शिवणाऱ्याचा हात आधी दोऱ्याच्या ताणाच्या स्क्रूकडे जातो, मग तेलाच्या कुपीकडे, आणि तरीही जमलं नाही तर मेकॅनिकला बोलावणं धाडलं जातं. टाका पडतो कसा हे लक्षात घेतलं, तर पहिला संशय सुईवर यायला हवा. सुई खाली जाऊन वर वळते तेव्हा नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटासा फासा सुटतो. शटलचं टोक तो पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. फासा हुकला की टाका हुकला. टी-शर्टच्या होजिअरी कापडात हे हमखास घडतं, कारण ताणलं जाणारं ते कापड सुईला चिकटून वर उचललं जातं आणि फाशाला सुटायला जागाच मिळत नाही. शिवाय होजिअरी म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या फाशांचीच वीण. अणकुचीदार सुईने त्यातला एक धागा तुटला, की दोन-चार धुण्यांत तिथे भोक दिसू लागतं. म्हणून अशा कापडाला गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, ती धागा न तोडता बाजूला सारते. लायक्रा असेल तर खास स्ट्रेच सुई घ्यावी.

‘आमच्या घरी सगळं चौदा नंबरवरच शिवलं गेलं,’ असं यावर कुणी म्हणेल. ते खरंही आहे, पण तेव्हा शिवायला यायचं ते बहुतेक पॉपलिन नाहीतर सुती कापड, आणि त्याला चौदा नंबर चालतोच. पाकिटावर 90/14 लिहिलेलं असतं, त्यातले 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. हीच सुई शिफॉनवर ठळक भोकं पाडते, तिथे 9 किंवा 11 नंबर हवा. मग बारीक सुईच कायम वापरावी का? नाही. डेनिमच्या चार पदरांत ती वाकते, खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. तिथे 16 किंवा 18 नंबरच लागतो, आणि जाड दोराही मोठ्या नेढ्यातूनच न घासता सरकतो. चामड्याची सुई मात्र कापडाला लावूच नये, तिचं टोक धारदार पात्यासारखं कापत जातं.

नंबर जुळला तरी दांडा पाहावा लागतो. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा बहुधा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या मशीनचा गोल. आणि नेमकी सुई असूनही कापडात शिरताना टक-टक आवाज येऊ लागला, तर टोक बोथट झालंय.