मक्यावर पोसलेली हॅमस्टर मादी पिल्ले का खाते? : आहार, आरोग्य आणि प्रजननाचा विचार

घरात हॅमस्टर पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. मादी व्याली, सकाळी पिंजऱ्यात आठ-दहा पिल्ले दिसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील एकही उरले नाही. आईनेच ती खाल्ली. अशा वेळी मादी क्रूर आहे, ‘वाईट जातीची’ आहे असा निष्कर्ष काढून ती बदलली जाते. नवी मादी येते, तिलाही तेच खाद्य मिळते आणि पुष्कळदा तोच प्रकार पुन्हा घडतो. या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पाळीव प्राण्यांच्या दुकानात नव्हे, तर फ्रान्समधील आल्सास प्रांतातील मक्याच्या शेतात सापडला. म्हणूनच कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बांधवांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

आल्सासच्या सखल, सुपीक जमिनीत युरोपीय हॅमस्टर (क्रिसेटस क्रिसेटस) बिळे करून राहतो. एके काळी तेथील शेतकरी त्याला पिकाचा शत्रू मानत, सापळे लावून मारत आणि त्याची कातडीही विकली जाई. पुढे या पट्ट्यात गहू आणि चारापिकांची जागा मोठ्या प्रमाणावर एकट्या मक्याने घेतली आणि हॅमस्टरची संख्या झपाट्याने घसरली. या प्राण्याच्या रक्षणात कुचराई केल्याबद्दल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०११ मध्ये फ्रान्सविरुद्ध निकाल दिला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या प्रजातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात केली.

मका मुबलक, बिळे खोल, तरीही पिल्ले वाढत नाहीत, हे कोडे होते. स्ट्रासबूर्ग येथील माथिल्ड तिसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त जागेत पैदास केलेल्या हॅमस्टर माद्यांवर आहाराचे प्रयोग केले. काही माद्यांना गहू, तर काहींना मका देण्यात आला. जोडीला कोणास बरसीमच्या जातकुळीतील क्लोव्हर गवत, कोणास गांडुळे. ऊर्जा आणि प्रथिने यांच्या हिशेबात या आहारांत मोठा फरक नव्हता आणि जन्मलेल्या पिल्लांच्या संख्येतही नव्हता. फरक पडला तो जन्मानंतर. गव्हावरील माद्यांची सुमारे चार पंचमांश पिल्ले दूध तुटेपर्यंत जगली. मक्यावरील माद्यांची केवळ ५ टक्क्यांच्या आसपास. या माद्या आपली जिवंत पिल्ले मक्याच्या साठ्यात नेऊन ठेवत आणि खात. त्या पिंजऱ्यात गोल गोल धावत, त्यांच्या जिभा सुजून काळसर पडत. मक्याच्या आहारात नायसिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व, मिसळल्यावर मात्र हे वर्तन थांबले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

काळी जीभ हा शब्द आहारशास्त्राच्या जुन्या अभ्यासकांना अनोळखी नाही. कुत्र्यांतील ‘काळी जीभ’ हा विकार आणि माणसातील पेलाग्रा ही एकाच उणिवेची दोन रूपे आहेत, हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मक्यात नायसिन अजिबात नसते असे नाही. ते अशा बांधलेल्या स्वरूपात असते की पचनमार्गाला ते सुटे करून घेता येत नाही. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही थोडे नायसिन बनवते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन असा हिशेब धरतात. परंतु मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅनही तुटपुंजे असते. अशा रीतीने दोन्ही वाटा बंद होतात. मेक्सिकोतील लोक पिढ्यानपिढ्या मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून मग दळत आले. त्या प्रक्रियेत बांधलेले नायसिन मोकळे होते. मका युरोप आणि अमेरिकेच्या इतर भागांत पसरला, पण चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. त्यामुळे गरिबांच्या ताटात मका आला आणि पाठोपाठ पेलाग्राही आला.

दख्खनलाही हा रोग परका नव्हता. हैदराबादच्या परिसरात मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत पेलाग्रा आढळत असे आणि त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी असावा, अशी मांडणी सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये केली. मका किंवा ज्वारी ही धान्ये वाईट ठरतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. एकाच धान्यावर सगळा भार टाकला की त्या धान्याची उणीव ही खाणाऱ्याची उणीव होते. ज्वारीबरोबर डाळ, पालेभाजी आणि ताक असले की हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मक्याच्या वाणांतच सुधारणा करण्याची वाटही शास्त्रज्ञांनी चोखाळली आहे. १९६४ मध्ये लक्षात आलेल्या ‘ओपेक-२’ या जनुकाच्या आधारे लायसिन व ट्रिप्टोफॅन अधिक असलेला गुणवत्तापूर्ण प्रथिनांचा मका तयार झाला आणि त्या कामासाठी सुरिंदर वसल व इव्हानजेलिना व्हिलेगास यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पिंजऱ्यातील हॅमस्टर

घरोघरी पाळला जातो तो बहुधा सोनेरी हॅमस्टर (मेसोक्रिसेटस ऑरेटस). त्याचे मूळ सीरियातील अलेप्पोच्या आसपासच्या शेतजमिनीत आहे. १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील गव्हाच्या शेतात सुमारे ८ फूट खोल खणून एक मादी आणि तिची पिल्ले पकडली. पेटीत ठेवताच त्या मादीने जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाचा जीव घेतला. उरलेली पिल्ले हाताने वाढवावी लागली आणि त्यांच्या संततीपासून आजच्या पाळीव हॅमस्टरांचा फार मोठा भाग उतरला. हे प्राणी हवे होते ते जेरुसलेममधील सॉल ॲडलर यांना, लिशमॅनियासिसच्या अभ्यासासाठी. याच रोगगटातील काळा आजार आपल्याकडे वाळूमाशीमुळे पसरतो. एका लहानशा माशीच्या रोगाचा शोध घेताना जगाला एक पाळीव प्राणी मिळाला, ही कीटकशास्त्राच्या इतिहासातील गमतीची गोष्ट म्हणावी लागेल.

अहारोनींच्या मादीची कथा दुसरी बाजू दाखवते. पिल्ले खाण्यामागे प्रत्येक वेळी जीवनसत्त्वाचीच उणीव असते असे नाही. खणाखणी, अनोळखी वास, पिल्लांना माणसाचा स्पर्श, पाण्याची टंचाई यांपैकी कोणतेही कारण पुरेसे ठरते. निरोगी सोनेरी मादीही पहिल्या काही दिवसांत एखाददुसरे पिल्लू खाऊन वेताचा आकार कमी करते. ती तिच्या स्वभावाचाच भाग आहे. संपूर्ण वेत एकदम नाहीसे होणे आणि तसे पुन्हा पुन्हा घडणे, ही मात्र आहार व व्यवस्थापन तपासण्याची खूण समजावी.

हॅमस्टर हे नावच साठा करणाऱ्या प्राण्याचे आहे. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याच्या क्रियापदाचा उगम त्याच्याच नावात आहे. दोन्ही गालांतील पिशव्यांत दाणे भरून तो कोपऱ्यात नेऊन ठेवतो. त्यामुळे वाटी रिकामी दिसली म्हणजे खाद्य संपले असे मानू नये. प्रौढ प्राण्याला दिवसाला १० ते १५ ग्रॅम खाद्य पुरते. मिश्र दाणे दिल्यास तो सूर्यफूल व शेंगदाणे निवडून खातो आणि उरलेले टाकतो. परिणामी कागदावर संतुलित असलेले मिश्रण पोटात असंतुलित होते. म्हणून जीवनसत्त्वे मिसळलेल्या गोळीखाद्याचा पाया ठेवून त्यावर गहू, बाजरी, ओट यांचे थोडे दाणे, मोड आलेली कडधान्ये आणि धुतलेला ताजा पाला द्यावा. एकूण आहारात प्रथिने १६ ते २४ टक्के असावीत. गाभण व दूध पाजणाऱ्या मादीसाठी वरच्या मर्यादेजवळ. अशा मादीला वाळवलेल्या पीठअळ्या किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा अधूनमधून देणे हितावह असते. निसर्गात हा प्राणी कीटक खातोच. त्याला केवळ धान्यभक्षक समजणे ही जुनी चूक आहे.

शेतकरी कुटुंबात एक धोका विशेष असतो, तो म्हणजे घरातच उपलब्ध असलेले धान्य. पेरणीनंतर उरलेले, रंगीत बीजप्रक्रिया केलेले बियाणे ‘वाया कशाला घालवा’ म्हणून पिंजऱ्यात टाकू नये; त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक असते. सोंडे व तांबडे भुंगेरे लागलेला दाणा आतून पोकळ असतो आणि तांबड्या भुंगेऱ्यांच्या स्रावामुळे पीठ उग्र वासाचे होते. दमट जागी साठवलेला मका व भुईमूग यांवर ॲस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होते. शंभर ग्रॅम वजनाच्या प्राण्याच्या यकृताला त्याची थोडी मात्राही जड जाते. बुरशी आलेले दाणे निवडून बाकीचे वापरणे पुरेसे नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवलेल्या कोठीजवळ किंवा त्याच खोलीत पिंजरा ठेवणे तर जीवघेणे आहे, आणि केवळ हॅमस्टरसाठीच नव्हे.

आजार

सर्वांत घातक आजार ‘ओले शेपूट’ या नावाने ओळखला जातो. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना, बहुधा दूध तुटल्यानंतर किंवा प्रवासानंतर, पातळ हगवण लागते, मागचा भाग ओला राहतो आणि एक-दोन दिवसांत पिल्लू दगावते. याच्या मुळाशी असलेला लॉसोनिया हा जिवाणू वराहपालकांनाही परिचित आहे. डुकरांच्या पिलांतील आतड्याच्या एका रोगाचे कारण तोच. पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी जावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. गोठ्यात उरलेले पेनिसिलिन किंवा तत्सम प्रतिजैविक हॅमस्टरला अंदाजाने देऊ नये. त्याच्या आतड्यातील उपकारक जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि मूळ आजाराऐवजी औषधानेच प्राणी मरतो.

पाठीवरचे केस विरळ होणे आणि कोरडा कोंडा दिसणे, हे डेमोडेक्स या सूक्ष्म कोळ्यांचे लक्षण असू शकते. हे कोळी निरोगी प्राण्याच्या त्वचेतही थोड्या संख्येने असतातच. म्हातारपण, कुपोषण किंवा दुसरा आजार आला की ते माजतात. म्हणून कोळी मारण्याआधी ते का माजले हे पाहावे लागते. पिकावरील कीड व्यवस्थापनाशी परिचित असणाऱ्यांना हा विचार नवा वाटणार नाही. जनावरांच्या गोचिडांवरील द्रावणात हॅमस्टर बुडवण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकानेच ठरवावी.

पिंजऱ्यात देवदार किंवा पाइनचा भुसा टाळावा. त्यांतील वासाची द्रव्ये श्वसनमार्गाला त्रास देतात. बारीक तंतूंचा कापूस पायांना गुंडाळला जातो. साधा कागदाचा कातरा उत्तम. तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असावे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात हेच सर्वांत कठीण ठरते. ३२ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका वाढतो आणि पत्र्याच्या खोलीत तो निश्चित असतो. याउलट फार थंडीत तो निपचित पडून मेल्यासारखा भासतो. अशा वेळी त्याला पुरण्याआधी हळूहळू ऊब देऊन पाहावी.

प्रजनन

नर आणि मादी एकत्र ठेवणे ही पहिली चूक. हा प्राणी एकांतप्रिय आहे. मादी आकाराने मोठी असते आणि नराला जखमी करते. ती दर चार दिवसांनी माजावर येते, तेही संध्याकाळी. त्या वेळी तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावे आणि भांडण दिसताच उचलावे. हिवाळ्यात बीजधारणा थांबल्याची तक्रार येते, तिचे कारण दिवसाची लांबी. उजेड साडेबारा तासांहून कमी झाला की सोनेरी हॅमस्टरची जननेंद्रिये आकसतात. महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचाच असतो. अनेक कीटक याच संकेतावर सुप्तावस्थेत जातात. हॅमस्टरसाठी १४ तास उजेड दिल्यास अडथळा दूर होतो.

गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा. व्यायच्या दोन दिवस आधी पिंजरा स्वच्छ करून भरपूर कातरा, खाद्य आणि पाणी ठेवावे. त्यानंतर आठ-दहा दिवस पिंजऱ्यात हात घालू नये. धोका वाटल्यास आई पिल्ले गालात भरून हलवते. ते पाहून ती खात आहे असे समजून घाईने हस्तक्षेप केल्याने खरेच अनर्थ ओढवतो. तीन आठवड्यांत दूध तुटते. पाचव्या आठवड्यापासून पिल्ले प्रजननक्षम होऊ लागतात, म्हणून चौथ्या आठवड्यातच नर-मादी वेगळे करावेत, अन्यथा भावंडांचाच संयोग होऊन संख्या हाताबाहेर जाते. विक्रीचा विचार असल्यास पाळीव प्राणी दुकान नियम, २०१८ नुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. न विकलेली पिल्ले बांधावर सोडून देण्याचा मार्ग कोणी अवलंबू नये. आपल्या शेतात ती बहुतेक घुबडांच्या आणि मांजरांच्या तोंडी जातील. जी जगतील, त्यांची गणना उंदरांबरोबर करण्याची वेळ येईल.