छातीतली छोटी जोडवाट

दोस्तांनो, छातीवर हात ठेवा आणि एक खोल श्वास घ्या. घेतलात? आता सांगा, आईच्या पोटात असताना तुम्ही असाच श्वास घेत होतात का? छे! तिथे हवाच नव्हती. तुमची फुफ्फुसं तेव्हा द्रवानं भरलेली होती. प्राणवायू यायचा तो आईच्या रक्तातून: आधी वारेत आणि तिथून नाळेतून थेट तुमच्या अंगात.

मग हृदयानं फुफ्फुसांकडे भरपूर रक्त पाठवायचं कशाला? म्हणून पोटातल्या बाळाच्या हृदयाला लागूनच एक खास रक्तवाहिनी असते. फुफ्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त ती मधूनच वळवते आणि महाधमनीत, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिनीत सोडते. डॉक्टर तिला ‘डक्टस’ म्हणतात. आपण म्हणू या जोडवाट.

खरी गंमत पुढेच आहे. बाळ जन्मतं, ट्यॅहां ट्यॅहां करतं, फुफ्फुसांत हवा शिरते आणि रक्तातला प्राणवायू वाढतो. जोडवाटेच्या भिंतीतल्या स्नायूंना हा बदल कळतो आणि ते आवळायला लागतात. वाट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वारेतून येत होतं, तेही आता कमी होतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची वाट बहुधा दोन-तीन दिवसांत बंद! मग काही आठवड्यांत तिचा नुसता एक दोर उरतो. तो आत्ता तुमच्याही छातीत आहे.

पण काही बाळं फारच लवकर जन्मतात. 40 आठवड्यांऐवजी 28 आठवड्यांच्याही आधी! त्यातली कित्येक एक किलोचीही नसतात. त्यांच्या जोडवाटेचे स्नायू अजून तयार झालेले नसतात, म्हणून ती अनेकदा उघडीच राहते. यालाच ‘पीडीए’ म्हणतात. आता रक्त उलटं वाहू लागतं, महाधमनीतून फुफ्फुसांकडे. वाट रुंद असेल तर नाजूक फुफ्फुसांत नको इतकं रक्त भरतं, बाळाला धाप लागते आणि आतडी व मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. स्टेथोस्कोप लावला की कधी कधी खर्र-खर्र असा आवाज येतो, आणि इको तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या तपासणीत, ही वाट पडद्यावर चक्क दिसते.

मग उपाय काय? पहिला उपाय सापडला 26 ऑगस्ट 1938 रोजी, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. रॉबर्ट ग्रॉस नावाच्या 33 वर्षांच्या सर्जननी सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडून ही वाट रेशमी धाग्यानं बांधून टाकली. मुलगी बरी झाली! पुढे डॉक्टर इवल्याशा बाळांवरही अशी शस्त्रक्रिया करू लागले. पण एवढ्याशा जिवासाठी ती फार मोठी होती.

दुसरा उपाय आला औषधातून. 1971 साली इंग्लंडमध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. डॉक्टरांच्या डोक्यात लगेच प्रश्न आला: हेच रसायन वाट उघडी ठेवतं ना? मग ते कमी केलं तर? 1976 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इंडोमेथॅसिन हे औषध दिलं, आणि अनेकांची वाट बंद झाली. टाका नाही, चिरा नाही! पुढे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलही वापरात आली.

तिसरा उपाय ऐकून तर तुम्ही थक्क व्हाल. बाळाच्या पायातल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयातून पार जोडवाटेपर्यंत नेतात. नळीच्या आत असतं बारीक तारांचं विणलेलं बूच, वाटाण्याहूनही लहान. नळीत ते दुमडलेलं असतं. बाहेर पडलं की आपला मूळ आकार घेतं आणि वाट अडवतं. 2019 मध्ये अमेरिकेत अशा एका बुचाला 700 ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळांसाठी मान्यता मिळाली.

एवढे उपाय हाताशी आहेत, तर दिसली वाट की कर बंद, असंच करायचं ना? तिथेच शास्त्रज्ञ थांबले आणि त्यांनी पडताळून पाहिलं. ब्रिटनमध्ये फार लवकर जन्मलेल्या, वाट उघडी असलेल्या 653 बाळांचे दोन गट केले. एका गटाला लवकरच आयबुप्रोफेन दिलं, दुसऱ्याला औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. 2024 मध्ये निकाल आला: लवकर औषध दिलेल्या बाळांचा काही खास फायदा झाला नव्हता. कारण बऱ्याच बाळांची वाट, बाळं जरा मोठी झाली की, आपोआप बंद होते. म्हणून आता अनेक ठिकाणी डॉक्टर बाळाच्या श्वासाला आधार देतात, पुन्हा पुन्हा इको करतात, नीट लक्ष ठेवतात आणि थांबतात. असं थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. तोही उपचारच आहे.

आणि हो, हृदयाच्या काही जन्मजात दोषांत हीच जोडवाट बाळाचा जीव वाचवते! तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रिया होईपर्यंत उलट प्रोस्टाग्लँडिन देऊन ती उघडी ठेवतात.

आज घरी विचारा, तुम्ही कितव्या आठवड्यात जन्मलात ते. आणि मोठेपणी डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर हा प्रश्न वहीत लिहून ठेवा: कोणत्या बाळाला मदत हवी आणि कोणाला फक्त वेळ, हे पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं? जगभरातले डॉक्टर आजही याचं उत्तर शोधताहेत. त्यांना तुमची मदत लागेल.